गुठळीचे वैरी

गुठळी या वस्तूशी माझ्या मामांनी जेवढं उघड वैर धरलं, तेवढं या पृथ्वीतलावर दुसऱ्या कोणी धरलं असेल असं मला वाटत नाही. माणसं चोराला भितात, सापाला भितात, आयकराच्या नोटिशीला भितात. मामांना यातल्या कशाचंच काही वाटत नाही. पण पिठल्यात एक एवढीशी गुठळी दिसली, की त्यांचा चेहरा घरात दरोडा पडल्यासारखा होतो. मग ते पिठलं कोणाच्या घरचं आहे, आपण तिथं जेवायला बसलो आहोत की नुसता पत्ता विचारायला थांबलो आहोत, याचा विचार त्यांच्या हाताला शिवत नाही. हात आपोआप पुढे जातो, चमचा उलटा होतो आणि गुठळी भांड्याच्या काठाशी चिरडली जाते. त्यानंतरच मामा समोरच्याकडे पाहून "हं, बोला" म्हणतात.

याचं कारण त्यांच्या घराण्यात आहे. मामा विणकराच्या घरातले. महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या त्यांच्या बोळात एकेकाळी घरोघरी हातमाग खटखटत असत. सूत मागावर चढवायच्या आधी त्याला खळ लावतात, म्हणजे पिठाची शिजवलेली पातळ पेज, धाग्याला ताठपणा यावा म्हणून. मामांच्या वडिलांनी त्यांना मुळाक्षरांच्या आधी खळ शिकवली. पीठ रात्रभर भिजवायचं, वस्त्रगाळ करायचं, हात भरून येईपर्यंत घोटायचं आणि शेवटी अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरून पाहायचं. तार सुटली पाहिजे आणि बोटाला काही म्हणता काही लागता कामा नये. "एक गुठळी राहिली का धागा तुटते, अन् धागा तुटला का दिवस जाते," हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं आहे, की पुष्कळ दिवस मी ते शाळेतलं सुभाषित समजत होते. पुढे माग मोडला, मामा कळमेश्वरच्या एका कारखान्यात लागले, तिथून निवृत्तही झाले. बोटं मात्र मागावरच राहिली. बँकेत गेले की साहेबांच्या शर्टाची बाही चिमटीत धरून "साहेब, सुती सांगून फसवलं तुम्हाले," असं ते भर गर्दीत जाहीर करतात. पाहुण्यांकडे मुक्काम पडला तर रात्री गादीतल्या कापसाचे गोळे फोडत बसतात आणि सकाळी यजमानांना त्यांची गादी सुधारून परत देतात. माझ्या चुलतभावाच्या लग्नात तर ते सरळ आचाऱ्याच्या मांडवात घुसले आणि भज्यांचं पीठ घोटायला बसले. मुलीकडच्या मंडळींना वाटलं हाच मुख्य आचारी. त्यांनी दोन घमेली भजी आणखी मागितली. मामांनी ती तळून, स्वतः नेऊन वाढली आणि वर "पीठ पाहा, कसं लोण्यावानी आहे" असं वरमायेला ऐकवून आले.

अशा माणसाबरोबर मामींनी आयुष्य काढलं, तेही हसत. मामी म्हणजे खाण्याची आणि बोलण्याची चालतीबोलती हौस. ज्वारीची भाकर, वर मिरचीचा ठेचा, तोंडी लावायला साऱ्या गल्लीच्या बातम्या, आणि हे सगळं एकाच तोंडात एकाच वेळी, तरी एक शब्द सांडायचा नाही. म्हणून गेल्या वर्षी त्यांचे सगळे दात काढावे लागले तेव्हा घरावर जणू अवकळा आली. पहिली कवळी हिरड्यांना टोचायची, दुसरी हिरड्या भरल्याशिवाय करता येत नव्हती. तोवर पेज आणि पातळ खिचडी. मामी तोंडावर पदर धरून भिंतीकडे तोंड करून जेवायला लागल्या. मग लोकांत जाणं सोडलं, भजन सोडलं. हळूहळू बोलणंही सोडलं. डॉक्टर प्रत्येक खेपेला वजनाच्या काट्याकडे पाहून मान हलवायचे. मामा मात्र त्यांच्यासाठीची पेज रोज घोटत होते, अशी की आरशासारखी चमकावी. मामी दोन घोट घेऊन वाटी सरकवून द्यायच्या.

मी दर रविवारी त्यांच्याकडे जाते. औषधं, किराणा, वीजबिल अशी माझी यादी असते आणि ती संपवून मी परत निघते. अशाच एका रविवारी यादी उरकून मी मोबाइल पाहत बसले होते. माझ्या मुलीनं नारळाच्या पॅनकेकचा व्हिडिओ पाठवला होता. तव्यावर बोटभर जाडीचे पांढरेशुभ्र गोल, हलवले की डुलणारे. मामी मागून वाकल्या.

"हे कापसावानी काय आहे वं?"

"पॅनकेक, मामी. नारळाचे."

"हे गिळता येईन," मामी म्हणाल्या.

कित्येक दिवसांत त्यांनी काही खावंसं वाटल्याचं बोलून दाखवलं नव्हतं. आतल्या खोलीतून मामा बाहेर आले. त्यांनी चष्मा लावला, मोबाइल डोळ्यांजवळ धरून तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला आणि युद्धावर निघालेल्या माणसासारखी पिशवी उचलली. लकडगंजच्या ठोक बाजारातून ते बेकिंग पावडरची अख्खी थैली घेऊन आले. "एवढी कशाला?" म्हटलं तर म्हणाले, "किरकोळीत काहून घ्यायची? फुगवाचं आहे ना आपल्याले?"

पहिला प्रयोग त्यांनी माझ्याशिवाय केला. नारळ म्हणजे आमच्याकडे एकतर देवापुढे फोडायचा, नाहीतर सुकं खोबरं रश्शासाठी विस्तवावर भाजायचं. तिसरा उपयोग आमच्या घराण्याला ठाऊक नाही. मामांनी खोबऱ्याची वाटी काळी होईपर्यंत भाजली, पाट्यावर वाटली आणि पिठात मिसळली. त्या पाट्यावर आजवर लसूण, मिरी, दगडफूल यांशिवाय काही वाटलं गेलेलं नाही. मी पोचले तेव्हा बोळाच्या तोंडापासूनच घमघमाट सुटला होता. मामींच्या पुढ्यात काळपट चकती होती. त्यांनी ती हुंगली आणि शांतपणे विचारलं, "मटन कुठं आहे?"

मामा पडले, पण हरले नाहीत. मीही मग हे काम माझ्या हातात घेतलं. मुलीकडून कृती मागवली, स्वच्छ अक्षरात क्रमवार उतरवून काढली आणि त्यांच्या ओट्यावर डकवली. मैदा. ओलं खोबरं, भाजायचं नाही. नारळाचं दूध. पीठ जेमतेम कालवायचं, फार घोटायचं नाही. गुठळ्या राहू द्याव्यात. लगेच तव्यावर घालावं. पुढच्या रविवारी गेले तर गुठळ्यांच्या ओळीत मामांनी पेन्सिलीनं दुरुस्ती केलेली. "गुठळ्या राहू देऊ नयेत."

"लिहिण्यात चूक झाली होती वं बाई तुझी," मामा प्रेमानं म्हणाले. "मी ठीक करून ठेवली. कोणाले दिसली असती तर हसले असते तुले."

अर्थातच त्यांनी पीठ रात्रभर भिजवलं होतं, धोतराच्या फडक्यातून गाळलं होतं आणि पहाटे उठून घोटलं होतं. मला बोटांत धरून दाखवलं. तार इतकी लांब सुटली, की तिचं लुगडं विणता आलं असतं. तव्यावर त्याचं जे झालं त्याला चप्पल शिवणाऱ्यानं चांगला भाव दिला असता. मामींनी तरी घास तोंडात घेतला. मामा समोर उकिडवे बसून त्यांच्या जबड्याकडे पाहत होते. मामींनी तो घास या गालातून त्या गालात नेला, पुन्हा आणला, डोळ्यांत पाणी आलं, आणि मग तोंड भिंतीकडे फिरवून त्यांनी तो हळूच ताटलीखाली ठेवला. मामांना दिसू नये म्हणून. मामांना दिसलं. उठून परात घासायला लागले, आणि स्वच्छ झालेली परात बराच वेळ घासत राहिले.

तेव्हा मी ठरवलं, आता स्पष्ट बोलायचं.

"मामा, हे खळ नाही. याच्यात गुठळ्या ठेवाव्याच लागतात."

"काहून?"

"जास्त घोटलं की मैदा चिवट होतो. मग फुगत नाही. अन् रात्रभर ठेवलं की पावडरीचा जोर जातो."

"मंग गुठळी जाईन कुठं?"

"तव्यावर विरते ती. आपोआप."

"आपोआप काही नाही जात वं बाई," मामा दुखावून म्हणाले. "माही जिंदगी गेली याच्यात. एक गुठळी आपोआप गेली नाही."

"मग मी कालवते. तुम्ही बाहेर बसा."

"नाही," ते म्हणाले. "तिच्यासाठी आहे. मीच करीन."

त्यांनी खरोखर प्रयत्न केला, हे मला सांगितलंच पाहिजे. पीठ कालवून ते डावा हात उजव्या हातावर दाबून बसले. मग भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग हात धुवायला गेले. परत आले आणि "नुसतं पाहतो" म्हणत चमचा आत घातला, आणि तो चमचा गरगर फिरायला लागला. मी "मामा, मामा" करते आहे आणि त्यांना काही ऐकू येत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा मागावरच्या उभ्या धाग्यांचा ताणा तुटत होता.

तेवढ्यात मामी दाराशी येऊन उभ्या राहिल्या. दात गेल्यापासून त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकत नव्हत्या. तोंडावर पदर तसाच होता.

"अवो, किती माराल त्या पिठाले?"

"एक राहिली आहे. हे पाय, इथं."

"राहू द्या तिले. तिनं काय घोडं मारलं तुमचं?"

आणि त्यांनी पुढे होऊन मामांचं मनगट धरलं. मोकळ्या हातानं, घट्ट. त्यासाठी तोंडावरचा पदर सोडावा लागला, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. चमचा थांबला. मामांनी मनगट सोडवून घेतलं नाही. मी ती संधी साधून घाईघाईनं पीठ तव्यावर ओतलं. पिठाबरोबर ती गुठळीही गेली. मामा तिच्याकडे असे पाहत होते, जणू घरातलं माणूस गाडीत बसवून दिलं आहे. "चालली," ते पुटपुटले. मी झाकण ठेवलं. काढलं तेव्हा वर जाळी पडली होती आणि पीठ टम्म फुगून कापसाच्या गादीसारखं झालं होतं. उलटलं तर खालची बाजू सोनेरी. ओल्या नारळाचा वास सगळ्या घरात पसरला, आणि या वेळी त्यात रश्शाचा अंशही नव्हता.

मामींनी तुकडा टाळूला लावला आणि डोळे मिटले. आम्ही दोघं श्वास धरून उभे.

"गुठळी लागली काय वं?" शेवटी मामांना राहवेना.

मामींनी डोळे उघडले. "दुसरा टाका," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी मामी ओट्याजवळच बसून, आमच्याकडे तोंड करून जेवल्या. तिसऱ्या पॅनकेकला गल्लीतल्या बातम्या सुरू झाल्या. महिनोन् महिन्यांच्या साठलेल्या होत्या, त्यामुळे क्रम जरा चुकत होता. एका सुनेचं भांडण आधी आणि लग्न नंतर झालं. कोणी दुरुस्त केलं नाही. पुढे रोज सकाळी हाच कार्यक्रम झाला. मामा कालवायचे, वेळ झाली की मामी मनगट धरायच्या, मामा थांबायचे. वजनाचा काटा पुढे सरकला. डॉक्टरांनी विचारलं काय देता, तर मामांनी त्यांना कृती सांगितली आणि जाता जाता त्यांच्या कोटाचं कापडही तपासलं.

या वर्षी हिरड्या भरल्या, नवी कवळी नीट बसली. मामींनी पहिल्याच दिवशी शिळी भाकर कडाकडा खाऊन दाखवली. मामांनी गल्लीत पेढे वाटले. त्यानंतर मात्र मी गेले की मामा जरा रिकामे रिकामे दिसायचे. नारळ हातात घेऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "काही मऊ करू काय वं?"

"मऊ कायले? सुपारी फोडते मी आता," मामी ठसक्यात म्हणायच्या. मामा नारळ परत ठेवून द्यायचे.

मागच्या रविवारी मी आणि मामी आत फुटाणे खात बसलो होतो. मामा बाहेर ओसरीवर, कसलासा दोरा चिमटीत फिरवत, रस्त्याकडे पाहत बसलेले. मामींनी दोनदा मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. तोंडातले फुटाणे संपवले, उठून मोरीवर गेल्या, कवळी काढली, धुतली आणि पाण्याच्या वाटीत ठेवली. मग गाल आत गेलेल्या तोंडानं त्यांनी हाक मारली, "अवो, आज हिरड्या दुखून राहिल्या माह्या. करा ना थे तुमचं नारळाचं."

मामा या वयात इतक्या चपळाईनं उठतील असं वाटलं नव्हतं. नारळ फुटल्याचा आवाज आला, मग पातेल्याचा, मग चमच्याचा. मामी माझ्या खांद्यावर हात टेकून उठू लागल्या. तेवढ्यात चमचा थांबला. आपणहून. पाठोपाठ तव्यावर पीठ पडल्याचा चर्र आवाज आला.

मामी अर्ध्या उठल्या होत्या. त्या क्षणभर तशाच राहिल्या, आणि पुन्हा खाली बसल्या. मनगट धरायला निघालेला त्यांचा हात मांडीवर परत आला. "शिकले," त्या हळूच म्हणाल्या, आणि रिकाम्या तोंडानं थोडंसं हसल्या.