सासऱ्यांची टेप आणि ड्रॅगनची फळी

माझे सासरे शिंपी. चौतीस वर्षं गळ्यात एकच टेप. कामाला लागले त्या दिवशी उस्तादांनी दिलेली. ती फक्त अंघोळीपुरती उतरते. आपण शिवलेला एकही कपडा आजवर परत आलेला नाही, हे ते आल्यागेल्याला चहाच्या आधी सांगतात. घरात दुसरी टेप आणायला बंदी. आमच्या पलंगाचं माप त्यांनीच घेतलं, त्या मापाची गादी मागवली, ती पायथ्याशी दोन बोटं अपुरी निघाली. सासऱ्यांनी गादीवाल्याला चोर ठरवून टाकलं. त्या फटीत माझ्या नवऱ्याचे मोजे जातात ते कायमचेच.

माझी मुलगी सात वर्षांची. घरात तिला टिल्ली म्हणतात आणि तिला ते मुळीच आवडत नाही.

चार महिन्यांपूर्वी, हवा चांगली असताना, आम्ही गावाबाहेरच्या थीम पार्कला गेलो होतो. तिथे ड्रॅगन नावाचा रोलर कोस्टर आहे. एकशे वीस सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला त्यात घेत नाहीत. नणंदेची दोन्ही मुलं धावली, त्यांच्यामागे टिल्लीही धावली. सासऱ्यांनी तिची कॉलर धरली.

"सकाळीच मापलंय मी. एकशे अठरा. उगाच रांगेत उभं राहून चारचौघांत शोभा कशाला करून घ्यायची?"

तिने भावंडांच्या टोप्या आणि पिशव्या सांभाळत ड्रॅगन खालून पाहिला. घरी आल्यावर मात्र तिने कंबर कसली. न सांगता दूध पिऊ लागली, खिडकीच्या गजांना लोंबकळू लागली, आणि दर रविवारी दुकानाच्या दाराला पाठ लावून आजोबांपुढे उभी राहू लागली. आकडा काही हलता हलेना. एकशे वीस झाले की जाऊ, एकशे वीस झाले की जाऊ, असं करता करता कडाक्याची थंडी पडली. पार्क हिवाळ्यासाठी बंद व्हायला शेवटचा रविवार उरला. तिकिटं आधीच काढलेली होती. त्या सकाळी टेपने सांगितलं, एकशे एकोणीस.

टिल्लीने भोकाड पसरलं.

"अहो, एका सेंटिमीटरने काय आभाळ कोसळतंय?" सासूबाई म्हणाल्या. "जाड मोजे घालू तिला, दोन जोड."

"मापात पाप मी करणार नाही," सासरे म्हणाले.

तरी गेलो. पार्कात आम्ही आणि कावळे, एवढेच. कठड्याला हात लावला की चटका बसल्यासारखं व्हायचं. सासूबाई थर्मास पोटाशी धरून चालत होत्या, नवरा नाक ओढत होता, आणि मी मनातल्या मनात सगळ्या खानदानाचा उद्धार करत होते. लाकडी घोड्यांवर बसायला टिल्लीने साफ नकार दिला. ड्रॅगन जवळून बघते, एवढंच म्हणाली.

ड्रॅगनच्या दारात तीन मफलर गुंडाळलेली, पार्कात कामाला असलेली एक मुलगी उभी होती. रांग नाही, गर्दी नाही, बिचारी कंटाळलेली. "ये गं," तिने हाक मारली. "बसायचंय ना?"

आम्ही काही बोलायच्या आत टिल्ली टोपी आणि बूट काढून मापाच्या फळीला टेकली.

"बसते की! चल आत."

"थांबा," सासरे पुढे झाले. "ती एकशे एकोणीस आहे."

"नाही काका, एकशे एकवीस."

"मी शिंपी आहे."

"असाल. पण फळी लोखंडी आहे."

आपल्याच नातीचे सेंटिमीटर परत करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. टिल्ली फळीला चिकटून एकदा आजोबांकडे, एकदा त्या मुलीकडे बघत होती. माझ्या डोक्यात सणक गेली. "बाबा, आता पुरे करा!" मी ओरडले. लग्नाला नऊ वर्षं झाली, त्यांच्यावर कधी आवाज चढवला नव्हता.

सासऱ्यांनी गळ्यातली टेप काढली, एक टोक फळीच्या बुडाशी धरलं आणि दुसरं एकशे वीसच्या लाल रेघेपर्यंत नेलं. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. फळीवर एकशे वीस, आणि टेपवर एकशे अठरा.

"कापडी टेप वापरून वापरून ताणते, काका," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "आमची फळी दर महिन्याला तपासतात."

गिऱ्हाईक याच टेपने मापायचं आणि कापडही याच टेपने, म्हणून कपडा कधी चुकला नव्हता. चुकली होती ती दुसऱ्याच्या टेपने कापलेली गादी. आणि टिल्ली.

"एकशे अठरा," सासरे पुटपुटले. "म्हणजे तेव्हाही बसली असती." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते थंडीमुळे नव्हतं. ते टिल्लीसमोर वाकले. "चुकलं गं माझं. मी तुला रांगेत उभंसुद्धा राहू दिलं नाही."

हे वाक्य सासूबाईंनी उभ्या संसारात ऐकलं नव्हतं. थर्मासचं झाकण त्यांच्या हातातच राहिलं. माझा राग कुठल्या कुठे पळाला, उलट मलाच रडू यायला लागलं.

टिल्लीने नाक पुसलं आणि विचार केला. "मग त्या दिवशीची फेरीपण पाहिजे."

"दोन मार, कोण अडवतंय," मफलरवाली म्हणाली. "पण एकशे तीसच्या खाली मोठं माणूस सोबत लागतं."

नवरा बुटांकडे बघू लागला. मी नवऱ्याकडे. मला तर साध्या झोपाळ्यावरही गरगरतं.

सासऱ्यांनी टेपची घडी घालून ती सासूबाईंच्या हातात ठेवली. "धर," म्हणाले, आणि उघड्या गळ्याने आत जाऊन बसले. हा माणूस शिडीच्या तिसऱ्या पायरीवर घाबरतो.

पुढची दोन मिनिटं पार्कभर त्यांचा "आई गं!" ऐकू येत होता. त्यात टिल्लीचं खिदळणं. ड्रॅगन परत आला तेव्हा सासऱ्यांची टोपी गेली होती आणि केस उभे होते. त्यांनी उतरायला दांडा वर केला.

"आजोबा, कुठे चाललात?" टिल्लीने त्यांची बाही धरली. "ही त्या दिवशीची झाली. आजची राहिलीय."

सासऱ्यांनी आमच्याकडे एकदा पाहिलं, डोळे घट्ट मिटले आणि दांडा पुन्हा खाली ओढला.