फुलाची हजेरी

चाळीसगावला सातवीत असताना मी व्हरांड्यात लपून हेडमास्तरांच्या आवाजात ओरडलो होतो, 'सर्व वर्ग सोडून द्या.' तीन वर्ग खरंच घरी गेले. नंतर छड्या पडल्या ते जाऊ दे, तीन वर्ग गेले ना. तेव्हापासून कुणाचाही आवाज दोन दिवस कानावर पडला की तिसऱ्या दिवशी तो माझ्या गळ्यातून निघतो. मला त्यासाठी काही करावं लागत नाही. उलट थांबवायचं असेल तर करावं लागतं.

आता मी परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स आहे. पेशंट ब्रदर म्हणतात. मेडिकल वॉर्डात आम्ही दुपारच्या पाळीला पाच जण, आणि सगळ्यांत सीनियर ताई. ताई लालबागच्या, मूळ मालवणच्या. वय पन्नाशीच्या पुढे. ड्युटीवर शुद्ध मराठी, चिडल्या किंवा दमल्या की मालवणी. घरी त्या आणि यजमान, आणि यजमान फक्त टीव्हीशी बोलतात, असं त्याच सांगायच्या. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात 'मेल्या' म्हटलं, म्हणजे मी पास झालो.

ते ॲप आलं तेव्हा आम्हाला एका हॉलमध्ये बसवून सांगितलं, की रोज ड्युटीआधी मोबाईलशी एक मिनिट बोलायचं. कसं वाटतंय, झोप लागली का, जेवलात का. ॲप आवाज ऐकणार आणि स्क्रीनवर फूल दाखवणार. हिरवं म्हणजे बरं, पिवळं म्हणजे जरा बघा. लाल झालं तर बाहेरची एक समुपदेशक बाई स्वतः फोन करणार. कल्पना चांगली होती. मी आजही म्हणतो, चांगली होती.

पण आम्ही वॉर्डातली माणसं. 'रोज करायचं' म्हटलं की आमच्या डोक्यात एकच शब्द येतो, हजेरी. आणि हजेरी म्हटली की प्रॉक्सी. त्यात कुणीतरी अफवा उडवली, की तीन दिवस पिवळं फूल आलं तर मेट्रनना कळतं, मग सर्व्हिस बुकात डोक्याचा शेरा लागतो. खोटं होतं ते. पण डोक्याचा शेरा कुणाला हवाय?

पहिल्या दिवशी आवाजाची नोंद करायची होती. चार वाक्यं वाचायची, म्हणजे ॲप तुम्हाला ओळखणार. ताईंनी मोबाईल माझ्याकडे सरकवला. "तूच वाच रे. चष्मो घरी रवलो." मी घसा खाकरला, त्या खाकरतात तसा अर्धाच, आणि त्यांच्या आवाजात चारही वाक्यं वाचली. शेवटी 'कळला मा?' जोडलं. अख्खी ड्युटी रूम हसली. ताईसुद्धा. स्क्रीनवर आलं, 'तुमचा आवाज नोंदवला आहे.'

मग ते रोजचंच झालं. बाकीचे कधीमधी सांगायचे, ताई रोज. सकाळच्या पाळीकडून ओव्हर घेताना, म्हणजे कुठल्या बेडवर काय चाललंय ते समजून घेताना, त्या न बघता मोबाईल माझ्या हातात द्यायच्या. "माझी फुलाची हजेरी लाव." मी लिनन रूममध्ये चादरींच्या ढिगाला टेकून ताई व्हायचो. 'आज झोप छान लागली. सुरमई केलेली, दोन तुकडे खाल्ले.' मजा यायला लागली, मग मी त्यांना एक हसूही दिलं. नाकातून, बारीक, दोन झटक्यांचं. ताई तशा हसत नाहीत. त्या तोंडावर पदर धरून हसतात, आवाजच येत नाही. पण फोनला पदर कसा दिसणार? म्हणून मी आपला एक बनवून दिला. फूल टवटवीत हिरवं.

याच दिवसांत अकरा नंबरच्या बेडवरची एकोणीस वर्षांची मुलगी गेली. डेंग्यू. तिचा हात ताईंच्या हातात होता. आमच्याकडे माणसं जातात, आम्ही बेड पुसतो, नवीन चादर घालतो. ताईंनीही घातली.

त्यानंतरचं मला दिसत होतं. दिसत नव्हतं असं म्हणालो तर ते खोटं ठरेल. ताई डबा आणायच्या आणि तसाच परत न्यायच्या. एकदा उचलून बघितला तर जड. एका दुपारी अकरा नंबर रिकामा असताना मी त्याचा तापाचा कागद उचलला. त्यावर दोनचा ताप, सहाचा ताप, नाडी, सगळं लिहिलेलं. ताईंच्या अक्षरात. सगळं नॉर्मल.

"ताई, चादरीला ताप आला का?"

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, नीट घडी घातली आणि एप्रनच्या खिशात ठेवला. "नाही ना आला," म्हणाल्या. "तेच लिहिलंय."

मी हसलो. काय करणार, मला दुसरं येत नाही. आणि त्याच दिवशी लिनन रूममध्ये जाऊन त्यांच्या आवाजात सांगितलं, आज मस्त वाटतंय.

पुढच्या आठवड्यात ॲपमध्ये नवीन बटण आलं. आपलं जुनं बोलणं परत ऐकायचं. ऐकून बरं वाटतं म्हणे.

दुपारचे तीन वाजले होते. पेशंट जेवून पेंगलेले, नातेवाईक यायला तासभर अवकाश, वॉर्डात फक्त पंख्यांची कुरकुर. मी पेशंटखाली घालायची ड्रॉशीट घ्यायला लिनन रूमकडे गेलो. दार लोटलेलं होतं आणि आत ताई बोलत होत्या. दोन ताई.

"आज झोप छान लागली."

"किती वाजता झोपलंस गो?"

"सुरमई केलेली, दोन तुकडे खाल्ले."

"खा. माका नको."

मग ते हसू. नाकातून, दोन झटक्यांचं. तो आवाज माझा आहे हे मला माहीत होतं, तरी त्या दारामागे माझ्यातलं काहीच नव्हतं. तिथे दोन बायका होत्या, एक बरी आणि एक नाही.

"तू बरी आसस मा?" दुसरी म्हणाली. "मग उद्यापासून ड्युटीक तूच जा. घरी पण तूच जा. माझा आता पुरे झाला."

मी दार ढकललं. ताई खाली बसल्या होत्या, मोबाईल मांडीवर, त्यावर हिरवं फूल.

"ताई, तो मी आहे."

"माहीत आसा." त्या शांत होत्या, ते जास्त वाईट होतं. "पण तुझ्याकडची बरी आहे रे. मी तिचं ऐकते फक्त."

मी दारातच बसलो. सायकियाट्रीची ओपीडी समोरच्याच इमारतीत, चला आत्ता, म्हटलं. त्या नाही म्हणाल्या. तिकडचा वॉर्डबॉय मामासुद्धा त्यांना ओळखतो, अर्ध्या तासात वॉर्डभर होईल. मग हे ॲप तरी, मी म्हटलं. बाहेरची बाई आहे, ती कुणाला ओळखत नाही. शेवटी त्यांनी मोबाईल तोंडाजवळ धरला. आपल्या आवाजात, आपल्या तोंडाने, पहिल्यांदा म्हणाल्या, "माका बरा वाटत नाय."

स्क्रीनवर आलं, 'आवाज जुळत नाही. कृपया स्वतःच्या आवाजात बोला.'

पुन्हा बोलल्या. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ॲप बंद झालं.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. घराचं कुलूप बदलल्यावर जुनी चावी लागेना झाली की माणूस कुलपाकडे बघतो, तसं पाहिलं. "बघ," म्हणाल्या. "आत तीच राहते."

मला त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या गळ्याची भीती वाटली. पण दार उघडणारा आवाज तेवढाच होता. मी मोबाईल घेतला. "तुम्ही मला सांगा, हळू. मी तसंच बोलतो. एक शब्द माझा नाही."

त्या माझ्या कानाशी आल्या. मी अर्धा घसा खाकरला. ॲपने मला लगेच ओळखलं.

त्या कुजबुजत होत्या आणि मी त्यांच्या आवाजात मोठ्याने बोलत होतो. महिना झाला झोप नाही. त्या मुलीचा हात अजून हातात आहे, भांडी घासतानाही. अन्न गिळवत नाही. काल घरी जाताना पुलावर उभी होते. घड्याळ बघितलं तेव्हा पाऊण तास झाला होता. खाली बघत होते. आज परत तिथूनच जायचंय.

शेवटचं वाक्य मी बोललो आणि आवाज फाटला. त्यांचा की माझा, सांगता येत नाही. फूल लाल झालं.

दोन-तीन मिनिटांत फोन वाजला. एका बाईचा सौम्य आवाज. "सिस्टर, तुम्हीच बोलताय ना?"

हो म्हणणं माझ्यासाठी हातचा मळ होता. ताईसुद्धा मानेने 'हो म्हण' सांगत होत्या. मी बेमालूम बोललो असतो. तिनेही मला दिलासा दिला असता, आणि ताई तशाच पुलावरून घरी गेल्या असत्या.

"नाही," मी माझ्या आवाजात म्हणालो. तो मला फार पातळ वाटला. "मी वॉर्डातला ब्रदर. इतके दिवस मीच बोलत होतो. आत्ताचं सगळं खरं आहे, पण ते त्यांचं आहे. त्या इथेच बसल्यात. देतो."

मोबाईल त्यांच्या कानाला लावला आणि मी त्यांचा हात धरून बसलो. मग त्या म्हणाल्या, "हां. मीच."

त्या संध्याकाळी त्या पुलावरून गेल्या नाहीत. त्या बाईंच्या सांगण्यावरून यजमान घ्यायला आले, टॅक्सीतून, टीव्ही बंद करून. मला मेमो मिळाला. मेट्रननी तासभर झापलं आणि मी त्यांची नक्कल कुणालाच करून दाखवली नाही. ताई दोन महिने रजेवर होत्या, औषधं चालू झाली, आणि अजूनही दर बुधवारी त्या बाईंशी बोलतात.

परतल्या त्या दिवशी आवाजाची नोंद नव्याने केली. चष्मा आणला होता. चार वाक्यं स्वतः वाचली, ॲपने घेतली. फूल पिवळं आलं. "असू दे पिवळा," म्हणाल्या. "खरा आसा मा?"

मी म्हटलं, "ताई, अकरा नंबरची चादर तुमची वाट बघत होती. ताप नाही, पण अशक्तपणा फार."

आणि ताई हसल्या. पदर तोंडावर गेला नाही. नाकातून, बारीक, दोन झटके.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"काय बघतंस मेल्या? ओव्हर घे."

मी मान खाली घातली आणि एक नंबरच्या बेडपासून लिहायला घेतलं.