विहीणबाईंनी विणलेले मोजे

माझी सून आर्मेनियाची. मुलगा तिकडे डॉक्टरकी शिकायला गेला आणि येताना पदवी आणि बायको दोन्ही घेऊन आला, असं नागपुरात सगळे हसून सांगायचे. मीही सांगायचे. आता त्याला बेंगळुरात, हेब्बाळच्या एका दवाखान्यात नोकरी आहे, घर येलहंक्यात आहे, आणि नातू झाल्यापासून मीही इथेच आहे. मुलगा मला 'तू' म्हणतो, ते ऐकून सूनही 'तू'च म्हणते. मी कधी दुरुस्त केलं नाही.

तिच्या बोटांत कला आहे. साध्या शिवणाच्या सुईनं, बारीक दोऱ्याला गाठ मारत मारत ती लेस करते. बशीएवढा गोल करायला कितीतरी संध्याकाळ जातात. लाल कापडाची डाळिंबं करते; तिकडे ती शुभ मानतात. आणि तिची आई, म्हणजे माझ्या विहीणबाई, तिकडून लोकरी मोजे विणून पाठवायच्या. जाडजूड, गुडघ्यापर्यंत येणारे, नक्षीचे.

नातवाच्या झबल्याची लेस बघून सोसायटीतल्या बायका म्हणाल्या, "स्टॉल लाव की." म्हणून सुरू झालं. रविवारी कुठल्या ना कुठल्या सोसायटीत बाजार भरायचा. सुनेला घरात ऐकून मराठी आलं, पण कन्नड येत नाही, हिंदी मोडकं, म्हणून शेजारी मी बसायचे. मला तरी कुठे येतं? 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, एवढ्या भांडवलावर मी दुकानदारी केली. सकाळी टेबल मांडायचं, चादर अंथरायची, डाळिंबं रचायची, नातवाला मांडीवर झोपवायचं. लोक यायचे, लेसवर बोट फिरवायचे, "मशीनची मिळते ना अशी?" विचारून पुढे जायचे. डाळिंबं थोडी खपायची. मोज्यांकडे कुणी ढुंकून बघायचं नाही.

एकदा आमचं मराठी ऐकून एक बाई थांबल्या. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातल्याच. एक मोजा हातावर चढवून म्हणाल्या, "काम लई सुंदर आहे, अक्का. पण इथं हे घालणार कोण? आमच्याकडं थंडी म्हणजे स्वेटर एक, तोही सकाळपुरता."

मी सुनेकडे पाहिलं. तिला सगळं समजलं होतं. ती मोज्यांच्या घड्या घालत राहिली.

घरी आलं की विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल यायचा. मला त्यांची भाषा येत नाही, त्यांना माझी. आम्ही हात हलवायचो, हसायचो, नातवाला पुढे करायचो. एकदा मुलगा तिथेच जेवत होता. त्याला ठसकाच लागला. फोन ठेवल्यावर मला म्हणाला, "आई, ही तिच्या आईला सांगतेय, सगळे मोजे संपले म्हणून."

मग मला कळलं की मोज्यांची नवी पिशवी सारखी का येते. सुट्टीला घरी येणाऱ्या आपल्याकडच्या विद्यार्थ्यांबरोबर विहीणबाई पिशव्या धाडायच्या, आणि मुलगा ड्यूटीवरून विमानतळावर जाऊन त्या घेऊन यायचा. कपाटाचा खालचा खण भरला, मग वरचा, मग माझ्या साड्या पलंगाखालच्या पेटीत गेल्या.

सून वाळत चालली होती. दिवसभर बाळ, बाळ झोपलं की सुई, रविवारी स्टॉल. मी म्हटलं, "सोड गं आता."

"नको आई. माझी आई रोज विणते. तिला काय सांगू?"

एका रविवारी टेबल, पिशव्या, बाळ असं सगळं रिक्षात कोंबून आम्ही परतलो. काहीच विकलं गेलं नव्हतं. सून बाळाला अंघोळ घालायला आत गेली आणि फोन वाजला. मी उचलला. विहीणबाईंच्या हातात अर्धा मोजा होता. त्यांनी तो कौतुकानं वर धरला, तेव्हा दिसलं, दोन बोटांना चिकटपट्ट्या होत्या.

मी उठले. कपाट उघडलं आणि फोन तिकडे वळवला. दार उघडताच चार-पाच जोड्या खाली पडल्या. मी फोन जरा वर नेला, जरा खाली. मग पुन्हा स्वतःकडे वळवला. विहीणबाईंचं हसू मावळलं होतं.

तेवढ्यात सून ओल्या बाळाला घेऊन बाहेर आली. तिनं कपाट पाहिलं, मला पाहिलं आणि फोन हिसकावून घेतला. मग दोघी बराच वेळ मोठमोठ्यानं बोलत होत्या. आधी भांडल्यासारखं, मग रडल्यासारखं. मी बाळाला पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गवार निवडत होते, तिथे सून येऊन बसली. चार शेंगा मोडल्यावर म्हणाली, "तिची बोटं खूप दिवस दुखतात. तिला वाटलं, ती थांबली तर माझं दुकान बंद होणार."

"आणि तुला?"

"ती एकटी आहे ना. मला वाटलं, विणते आहे म्हणजे बरी आहे. विणणं थांबलं तर दिवसभर काय करणार?" मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तू का दाखवलं, आई?"

मी म्हटलं, "मी थकले गं."

तिनं मान हलवली. "मी पण," म्हणाली. "आणि ती पण."

स्टॉल बंद झाला. मोजे नागपूरला गेले. तिथे डिसेंबरात नातेवाइकांनी घातले आणि फोटो पाठवले, ते विहीणबाईंनाही पोचले. उरलेले इमारतीच्या रखवालदारांनी नेले. लेस सून अजून करते, पण मनात आलं तर. तिला रशियनही येतं, म्हणून आता एका कंपनीत रशियन बोलणाऱ्या गिऱ्हाइकांचं काम मिळायच्या बेतात आहे. मिळालं की बाळ दिवसभर माझ्याकडे, म्हणजे थकवा काही कुठे जात नाही.

पण स्टॉल नसलेला पहिला रविवार मला आठवतो. जेवून आम्ही दोघी जरा आडव्या झालो, बाळ मध्ये. मुलगा ड्यूटीवरून आला, बेल वाजवत राहिला, शेवटी स्वतःच्या किल्लीनं आत आला. बाळ जागं होतं. त्याला उचलून तो खाली बागेत गेला. आम्हाला जाग आली तेव्हा बाहेर दिवे लागले होते आणि स्वयंपाकाला अजून कुणी हात लावला नव्हता.