दोन बटणांचा भोंगा

चारुदत्त बिवलकर आणि मी इथे परदेशात, ‘ते रापा’ नावाच्या उपनगरातल्या एकाच मालाच्या डेपोत काम करतो. तो मेंटेनन्सला, मी हिशेबात. दोघांचीही निवृत्ती जवळ आलेली, घरंही जवळ, म्हणून त्याच्याच गाडीतून जातो-येतो. पूर्वी चिंचवडच्या कारखान्यात चारुदत्त समोरून आला की कामगार तोंडातली तंबाखू थुंकून यायचे. इथे विशीतला फोर्कलिफ्टवालाही त्याला ‘चारू’ म्हणतो. हे अंगवळणी पडायला त्याला काही वर्षं लागली. अपवाद फक्त श्रीनाथचा. गेटवरचा हा तरुण सुपरवायझर पुण्याचा. तो ‘सर’ म्हणतो.

“अरे, इथे कुणी सर म्हणत नाही,” चारुदत्तने त्याला एकदा समजावलं.

“बरं, सर,” श्रीनाथ म्हणाला.

या देशात टोर्नेडोसाठी गावोगाव भोंगे नाहीत. येतो तोही लहान असतो, पाचदहा मिनिटांत विरतो. पण एका हिवाळ्यात पलीकडच्या गोदामाचे पत्रे उडाले आणि आमच्या मालकांनी स्वतःचा भोंगा बसवायचं ठरवलं. काम चारुदत्तकडे आलं. त्याने छपरावर वारा मोजणारं यंत्र लावलं. वारा ठरलेल्या वेगापुढे गेला की भोंगा आपोआप वाजणार आणि अंगणातल्या सगळ्यांनी आतल्या पक्क्या बोळात यायचं. पंधरा दिवसांत भोंगा तीनदा वाजला. यंत्रावर सीगल पक्षी बसत-उडत होते आणि त्याचं चक्र गरागरा फिरत होतं. तिसऱ्या वेळी लोक जेवणाच्या, अर्धवट गरम झालेल्या ‘पाय’ पेस्ट्री हातात घेऊन बोळात उभे राहिले. विरेमू नावाचा फोर्कलिफ्टवाला म्हणाला, “चारू, पुढच्या वेळी सॉससुद्धा आणतो.”

चारुदत्तला ते लागलं. त्याने यंत्राची जोडणी काढली आणि दोन बटणं बसवली. एक गेटच्या केबिनमध्ये, एक त्याच्या खोलीत. दोन्ही दाबली तरच भोंगा वाजेल. गेटवरच्याने दाबलं की चारुदत्तच्या टेबलावर लाल दिवा लागेल, मग त्याने आपलं दाबायचं. एकाची चूक दुसरा पकडेल, असा हिशेब. संकटात ऑफिसचा मजला रिकामा करवणारा वॉर्डन म्हणून मला विचारलं, तेव्हा मलाही ते बरोबर वाटलं. आमच्या खात्यात दोन सह्यांशिवाय काही हलत नाही.

मग ती दुपार आली. पश्चिमेला ढगातून शेपटीसारखं काहीतरी खाली लोंबताना श्रीनाथला दिसलं. त्याने बटण दाबलं नाही. सरांच्या टेबलावर एकदम लाल दिवा लावायचा म्हणजे हुकूम सोडल्यासारखं होईल, असं त्याला वाटलं. त्याने फोन केला.

“सर, जरा बाहेर येऊन आकाशाकडे बघता का?”

“थांब, आलो,” चारुदत्त म्हणाला. त्याच्या खोलीला खिडकी नाही. तो उठून मालाच्या दारापर्यंत चालत गेला. श्रीनाथ थांबला, कारण सर बघायला गेले होते. चारुदत्तच्या बटणापाशी कुणीच नव्हतं. वावटळ कुंपण ओलांडून आली, रिकाम्या पॅलेटची चळत विरेमूवर कोसळली, आणि वावटळ कारपार्कातून निघूनही गेली. भोंगा वाजलाच नाही. विरेमूचं गळ्याजवळचं हाड मोडलं. तो वाचला.

चौकशी लागली. श्रीनाथचा रेसिडेन्सचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याचा अर्ज सरकारकडे होता आणि तो याच नोकरीवर उभा होता. नोकरी गेली तर बायको इरा आणि तान्ह्या मुलीला घेऊन परत जावं लागलं असतं. चारुदत्तला हे माहीत होतं.

“काशिनाथ, मला खरं सांग,” गाडीत तो मला म्हणाला, “त्याने मला सावध केलं, की नुसतं विचारलं?”

“तुला फोनवर काय वाटलं?”

“तेच आठवत नाही रे. तेव्हा वाटलं, पोराला ढग दाखवायचाय. आता वाटतं, तो ओरडत होता. आवाज तर तोच होता.”

चौकशीत मॅनेजर हेलनने सरळ विचारलं, “चारू, त्याने तुला इशारा दिला का?”

चारुदत्त म्हणाला, “दिला. मला तो कळला नाही. चूक माझी.”

“श्रीनाथ, तू इशारा दिलास?”

“नाही. मी फक्त विचारलं. चूक माझी, सरांची नाही.”

हेलन एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली. “लोक दोष एकमेकांवर ढकलतात, ते मी रोज बघते. तुम्ही दोघं तो स्वतःवर ओढताय. मी लिहू काय?” मग ती माझ्याकडे वळली. “तू दोघांना ओळखतोस. हा इशारा होता का?”

मी म्हणालो, “आमच्यात मोठ्या माणसाला असाच इशारा देतात.” ती म्हणाली, “म्हणजे हो?” मी म्हणालो, “बहुतेक.” तिने पेन खाली ठेवलं.

तिने निकाल दिला तो असा. दोनाऐवजी कुठलंही एक बटण पुरे. शुक्रवारी सराव घ्यायचा. त्यात गेटचं बटण बिघडलंय असं धरायचं आणि श्रीनाथने चारूला फोनवर स्पष्ट सांगायचं. सांगता आलं तर तो गेटवर राहील. नाहीतर गेटवर दुसरा माणूस, आणि श्रीनाथला द्यायला तिच्याकडे दुसरी जागा नव्हती.

शुक्रवारी चारुदत्त फोनजवळ बसला. हेलन मागे उभी, मी दारात. फोन स्पीकरवर होता. घंटा वाजली.

“सर...” श्रीनाथ म्हणाला आणि पुढे काहीच आलं नाही. चारुदत्तचा हात बटणावर होता, पण सांगितल्याशिवाय दाबायचं नव्हतं. त्याने डोळे मिटले. “बोल ना, बाबा,” तो पुटपुटला.

मग श्रीनाथ इंग्रजीत ओरडला. दाब म्हणाला, आत्ता दाब, वाट बघू नकोस. आवाज इतका चढला की मीही दचकलो. चारुदत्तने दाबलं. भोंगा वाजला, माणसं बोळात आली. हेलनने अंगठा उंचावून पास झाल्याची खूण केली.

संध्याकाळी गाडीत बसल्यावर चारुदत्तने किल्ली फिरवली नाही.

“पोरगं राहिलं, छान झालं,” तो म्हणाला. “पण खरंच वादळ आलं, तर हा फोन मराठीत करेल की इंग्रजीत?”

“त्यालाच विचार.”

“विचारलं. म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं, सर.”

त्याने गाडी सुरू केली आणि त्याच विचारात वायपर लावले. पाऊस नव्हता.