सत्तेचाळीस नंबरचं पिंपळगाव

माझी धाकटी जाऊ पुण्याची. मी काशीची, दूधविनायकाच्या गल्लीत जन्मलेली. माझ्या मराठीत हिंदी कधी शिरते ते मला कळतही नाही. तिचं मराठी ऐकलं की बाबा, म्हणजे आमचे सासरे, मान डोलवतात. लग्न होऊन रामघाटावरच्या या घरी ती आली त्या पहिल्याच आठवड्यात मी तिला "भात बनून गेला" म्हणाले आणि ती गोड हसली. त्या गोड हसण्याचाच मला राग आला. आता खरं सांगायचं म्हणजे राग नव्हे, जळफळाट.

बाबा तीर्थोपाध्याय. महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या घराण्यांच्या नोंदी आमच्याकडे आहेत. कोण कधी आलं, बरोबर कोण होतं, त्यांचे वडील कोण, आजोबा कोण. गावागावाच्या वह्या लाल फडक्यात बांधलेल्या, आणि प्रत्येक बस्त्याला नंबर. त्या मोडीतल्या नोंदी बाबांनी वाचायच्या आणि मी टाइप करायच्या असं आम्ही तीन वर्षं केलं. शाळेत कॉम्प्युटर शिकवून आल्यावर रोज दुपारी. मग मी वेबसाइट केली. आपलं घराणं नोंदीत आहे का, हे लोकांना घरबसल्या बघता यावं म्हणून.

फक्त एकेका गावाच्या पानाचे पत्ते लांबलचक होते. बाबा फोनवर यजमानांना सांगायचे, "मग प्रश्नचिन्ह... अहो, प्रश्न विचारताना काढतो ते! मग गाव, मग बरोबरचं चिन्ह, मग सत्तेचाळीस, मग ते इंग्रजी आठासारखं दिसतं ना, ते..." पलीकडचा माणूस तिथेच गळायचा.

धाकटीनं एका दुपारी हे ऐकलं आणि म्हणाली, "वहिनी, हे सुटसुटीत करूया का?" मी म्हटलं, कर की. दुसरं काय म्हणणार? सर्व्हरवरच्या एका फाइलीत तिनं चार ओळींचा नियम लिहिला. लोकांनी साइटचं नाव, एक तिरकी रेघ आणि गावाचं नाव एवढंच टाकायचं. सर्व्हर मुकाट्यानं त्याचा माझा जुना लांब पत्ता करून घेणार आणि पान उघडून देणार. आत सगळं माझंच होतं. तीन वर्षांची माझी बोटं, माझे डोळे. तिची नुसती दारावरची पाटी!

पण बाबा काय खूश! "बढिया! आता कसा पत्ता वाटतो!" दिवसभर येईल त्याला तेच. नवरा म्हणाला, "बघ, एका दुपारीत केलं तिनं." एका दुपारीत. हे मला अजून जेवताना आठवतं.

संध्याकाळी मी खोलीत बसून तिचे पत्ते तपासले. चूक सापडावी म्हणूनच तपासले, दुसरं काही नाही. आणि सापडली. महाराष्ट्रात पिंपळगावं किती! आमच्याच वह्यांत तीन आहेत. सत्तेचाळीस नंबरचं खानदेशातलं, एकशे बाराचं गोदाकाठचं, दोनशे आठचं वऱ्हाडातलं. जुन्या नोंदीत तालुका नाही, नुसतं "पिंपळगाव". म्हणून तर मी नंबर ठेवले होते. तिला वाटलं, नंबर म्हणजे कॉम्प्युटरचा काहीतरी हिशेब. तिनं नंबर काढून नाव ठेवलं, आणि पिंपळगाव म्हटलं की सर्व्हर पहिलं सापडेल ते उघडायचा. म्हणजे नेहमी सत्तेचाळीस.

मी उठून तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. आत ती फोनवर आईला सांगत होती, "अगं, बाबांना फार आवडलं." मी परत फिरले. म्हटलं, पडू दे तोंडावर. चार माणसांत पडू दे.

बारा-पंधरा दिवसांनी एक म्हातारी बाई मुलाला घेऊन आल्या. बाईंच्या नवऱ्याचं श्राद्ध होतं. मुलाला सगळी नावं सांगता येत होती, एक सोडून. बाईंच्या सासूच्या सासूचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. "सगळे 'म्हातारी' म्हणायचे हो तिला," बाई म्हणाल्या. "मेली तरी नाव नाही. तेवढं एक शोधून द्या." बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, मोडी वाचवेना. ते म्हणाले, "आता वह्या कशाला, मोबाइलवर उघडा," आणि पिंपळगावचा पत्ता सांगितला. मुलानं उघडला. आडनाव तेच, पणजोबांचं नावही तेच. त्या काळी ते नाव घरटी एक होतं. आणि शेजारी त्या पणजोबांच्या बायकोचं नाव.

मी चहा घेऊन आले तेव्हा बाई डोळे पुसत होत्या. "गोदेच्या काठी राहून आम्हाला माहीत नव्हतं, ते काशीत मिळालं," त्या म्हणाल्या. गोदेच्या काठी! म्हणजे एकशे बारा, आणि उघडलं होतं सत्तेचाळीस. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "ही सगळी आमच्या धाकटीची करामत बरं का." आणि मी तोंड मिटलं. चहा ठेवला आणि आत निघून गेले. घाटावर पिंड पडले ते त्या नावानं पडले.

पुढचे दोन महिने मी रोज ठरवायची, आज सांगते. रोज काहीतरी व्हायचं. खरं तर काहीच व्हायचं नाही, नुसतं कुणीतरी तिला चांगलं म्हणायचं.

मग एका सकाळी त्या बाईंचा फोन आला. बाबांनी स्पीकर लावला. बाई हसत होत्या, रडत होत्या, काय ते कळेना. मुलाला मुलगी झाली होती, कालच बारसं झालं. "तेच नाव ठेवलं हो! म्हातारीचं! तिला जन्मात कुणी नावानं हाक मारली नाही, आता घरभर तिच्या नावाचा गजर आहे. तुमच्या त्या धाकट्या सूनबाईंना द्या ना फोन, मला त्यांना आशीर्वाद द्यायचाय."

धाकटी लाजली, पदर नसताना पदर सावरल्यासारखं केलं आणि पुढे झाली. मी तिच्या आधी बोलले.

"ते नाव तुमचं नाही. ते दुसऱ्या पिंपळगावचं आहे, तुमचं एकशे बारा नंबरचं. हिनं चूक केली."

हे मी त्या बाईंसाठी बोलले असं म्हणायला मला फार आवडेल. तसं नव्हतं. आशीर्वाद तिला मिळू नये म्हणून बोलले.

धाकटीचा चेहरा पांढरा पडला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "तुला कधी कळलं?"

खोटं सुचलं होतं, जिभेवर आलंही होतं. पण ते बघत होते.

"पहिल्याच दिवशी."

धाकटी आत गेली आणि लाल फडक्यातला एकशे बारा नंबरचा बस्ता घेऊन आली. तो तिनं माझ्यासमोर ठेवला, कारण मोडी तिला वाचता येत नाही आणि मला तीन वर्षांत थोडी यायला लागली होती. मी पानं उलटली. नाव होतं. साधं, दोन अक्षरी नाव. मी ते फोनमध्ये वाचून दाखवलं.

बाईंच्या मागे बाळ रडायला लागलं, आणि कुणीतरी त्याला बारशाला ठेवलेल्या त्या दुसऱ्याच नावानं, लाडानं, हाक मारली.

"ऐकलंत?" बाई म्हणाल्या. "आता तुम्हीच सांगा, हिला काय म्हणू?"