चाकाला दसऱ्याचं तेल

यांचा दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी सासूबाईंसाठी दुधात भाकरी कुस्करत होते. "अक्का गेली," एवढंच हे म्हणाले आणि फोन तसाच चालू राहिला... बंद करायचं दोघांनाही सुचेना. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंद. लग्न केलं नाही, वाळूजच्या एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर आमच्या गारखेड्याच्या घरात सगळ्यांची तपासणी सुरू केली, माझ्या पोळीपासून यांच्या दाढीपर्यंत. नणंद-भावजयीचं आमचं रीतसर वाजायचं. आता घरात कुणी चुका काढत नाही, आणि मला तेच सहन होत नाही. पण वन्संना रडगाणं खपायचं नाही, म्हणून त्या जिंकल्या त्या दसऱ्याचीच गोष्ट सांगते.

सासरे गेल्यावर त्यांची जुनी गाडी मागे राहिली. वन्सं त्याच गाडीवर चालवायला शिकलेल्या. एकदा देवळाईकडून येताना ब्रेकचं पेडल थेट तळाला गेलं आणि त्यांनी हँडब्रेक ओढून गाडी कशीबशी थांबवली. हे म्हणाले, "झालं. भंगारवाल्याला बोलावतो." त्यात यांचंही चुकत नव्हतं, शेवटी घरचीच माणसं त्यात बसणार. वन्संनी जेवता जेवता सांगून टाकलं, "दसऱ्यापर्यंत थांब, दिल्या. आईला खंडोबाच्या दर्शनाला याच गाडीतून मी नेते. नीट थांबली नाही, तर तुझा भंगारवाला बोलाव. मी एक शब्द बोलणार नाही." वन्सं एक शब्द बोलणार नाहीत, हे ऐकून हे लगेच कबूल झाले.

मग अंगणातच कारखाना सुरू झाला. चाकांना दगड, गाडी लोखंडी स्टँडवर, वन्संच्या अंगात सासऱ्यांचा जुना शर्ट आणि पेडलवर माझा पाय. ब्रेकचं तेल कमी होत होतं, पण फरशीवर थेंब नव्हता. "मग जातंय कुठं?" असं म्हणत त्या एकेक चाक उघडत गेल्या. मागच्या डाव्या चाकाचा ड्रम निघाला आणि चोर सापडला. आतला छोटा सिलिंडर पाझरत होता आणि तेल तिथल्या तिथंच ब्रेकच्या पट्ट्यांत मुरत होतं. दुसऱ्या कुणी तेवढं बदलून हात धुतले असते. वन्संनी मागचं सगळं नवं घातलंच, वर पुढच्या चाकांचे ड्रम काढून त्याच गाडीच्या नंतरच्या मॉडेलचे डिस्क ब्रेक बसवले. नळ्यांतली हवा काढताना माझ्या पोटरीत गोळे आले, तरी खालून "दाब... धर... सोड" चालूच. शेंद्र्याच्या रिकाम्या रस्त्यावर चाचणी घेतली तेव्हा गाडी सरळ रेषेत जागच्या जागी थांबली. वन्संनी तिथूनच यांना फोन लावला, "दिल्या, त्या भंगारवाल्याला फराळाला बोलव रे!"

दसऱ्याच्या सकाळी गाडीला झेंडूचा हार घालून आम्ही सगळे नटून बसलो. गल्लीतून बाहेर पडायच्या आत वन्संनी सवयीनं ब्रेक दाबून पाहिला... आणि गाडी साबणावरून गेल्यासारखी पुढंच गेली. शेवटी हँडब्रेकवर थांबली. मागच्या सीटवरून हे फक्त "अक्का..." म्हणाले. मला तेव्हा यांचा फार राग आला. वन्सं उतरल्या, रिमच्या भोकातून बोट घालून डिस्कवर फिरवलं, वास घेतला. "करडीचं तेल!"

सासूबाई अभिमानानं म्हणाल्या, "म्या घातलंय पहाटं. दसऱ्याला चाकाला तेल नको व्हय? आमच्या पैठणकडं बैलगाडीला तेल दिल्याबिगर कुणी शीव वलांडत नव्हतं."

दरवर्षीच त्या घालत होत्या म्हणे. ड्रम बंद डब्यासारखा, तेल बाहेरून ओघळून जायचं. डिस्क उघडी, तिनं सगळं अंगावर घेतलं. मला वाटलं, आता म्हातारीचं काही खरं नाही. पण जन्मात पहिल्यांदा वन्संनी चूक काढली नाही. "बरोबर आहे तुझं, आई," एवढंच म्हणाल्या.

खरी अडचण पुढंच होती. खंडेनवमीला पाने-हातोड्यांची पूजा झालेली, आणि ती हलेपर्यंत आमच्या घरात हत्याराला हात लावत नाहीत. वन्सं देव्हाऱ्यापाशी उभ्या राहिल्या. "आई, तूच उचलून दे."

सासूबाईंनी क्षणभर डोळे मिटले आणि कुंकू लावलेला पाना लेकीच्या हातात ठेवला. "तुझं शस्तर हाय ते, पोरी. आज नाय उचलायचं तर कवा?"

वन्सं भरजरी साडी खोचून चाकाशी बसल्या. तेल प्यालेले ब्रेकचे पॅड पुसून भागत नाही. त्यांनी एक जोडी जादा आणून ठेवली होती, ती घातली, डिस्क धुऊन लख्ख केल्या. यांनी न सांगता चाकाचे नट आवळायला घेतले. गल्लीत हळूहळू दाबून नवे पॅड रुळवले आणि आम्ही निघालो. देवळाजवळच्या उतारावर मुलंबाळं घेतलेली एक मोटरसायकल एकदम आडवी आली. वन्संनी पाय दाबला आणि गाडी थांबली. सरळ, न डगमगता, हातभर अंतर राखून. मोटरसायकलवाल्याला कळलंसुद्धा नाही.

"थांबली गं माझी बाय!" सासूबाई ओरडल्या. गाडीला म्हणाल्या की लेकीला, कोण जाणे. हे पुढं वाकून म्हणाले, "अक्का, भंगारवाल्याचा नंबर पुसून टाकतो." वन्सं इतक्या मोठ्यानं हसल्या की दर्शनाच्या रांगेतली माणसं वळून पाहायला लागली. त्या हसण्याएवढा आनंद मी आमच्या घरात पुन्हा पाहिला नाही.

वन्सं गेल्यावर परवा यांनी पहिल्यांदाच ती गाडी बाहेर काढली. वन्सं ठेंगण्या, त्यांची सीट पार पुढं ओढलेली. हे उंच, गुडघे स्टिअरिंगला टेकत होते.

"अहो, सीट मागं घ्या ना," मी म्हटलं.

"राहू दे," हे म्हणाले. "मागं घेतली तर अक्काचा पाय ब्रेकला पोचायचा नाही."