निळ्या बॅगेतलं पिवळं झबलं

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये दोनच गोष्टी साठतात. एक न तपासलेल्या वह्या, आणि दुसरे बाळंतपणाचे किस्से. वह्या मार्चमध्ये तरी संपतात हो, किस्से काही संपत नाहीत!

धुळ्यापासून वीस-बावीस मिनिटांवर आमचं गाव. शाळा माध्यमिक, स्टाफ चौदा जणांचा. कुणाकडे गोड बातमी असली, की मधल्या सुट्टीत डबे उघडायच्या आधी सल्ले उघडतात. आणि सगळ्या सल्ल्यांचा शेवट एकाच ठिकाणी होतो. कपाटावर ठेवलेली निळी रेक्झिनची बॅग!

ती बॅग गणिताच्या शेख मॅडमची. त्यांच्या पहिल्या वेळी कळा सुरू झाल्या आणि त्यांचे मिस्टर सामान भरायला धावले. माणूस फार हुशार, पण त्या दिवशी त्याने काय काय भरावं? दोन चादरी, एक इस्त्री आणि कागदपत्रं मागतील म्हणून कपाटातली जाड फाईल!

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी फाईल उघडली. पहिलं पान दहावीचं मार्कशीट, मग बारावी, मग बी.एड. सोनोग्राफीचे रिपोर्ट घरी टीव्हीवर. डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "पेशंट हुशार आहे एवढं कळलं. रक्तगट कोणता?"

मॅडम घरी आल्या आणि महिनाभरात बॅग भरून मोकळ्या! सुती लंगोट, टोपडी, जुन्या साडीची दुपटी, वाटी-चमचा, चार्जर, आईसाठी पुढून उघडणारे गाऊन, आणि सगळ्यात वर "आधी फाईल घ्या" अशी चिठ्ठी. झाकणाच्या आतून वस्तूंची यादी चिकटवलेली. यादीत पहिल्या नंबरला त्यांच्या लेकीचं पिवळं झबलं, पुढे नाडीचं.

बॅगेचे नियम दोन. वापरलेलं सगळं धुऊन, उन्हात वाळवून परत द्यायचं. आणि तुम्हाला जे कमी पडलं, ते पुढच्यासाठी त्यात टाकायचं.

झबलं जुनंच का, असं मी नवीन असताना विचारलं होतं. पहिलं कापड जुनं घालायचं, ही आमच्याकडची रीत मला माहीत होती, पण मॅडमच्याही घरात तीच निघाली. त्या म्हणाल्या, "नव्या कपड्याला खळ असते देवरे मॅडम. जुन्याला आधीच्या बाळाचा हात लागलेला असतो."

*

आता धनराज सरांचं ऐका. सर पी.टी. शिकवतात. प्रत्येक गोष्ट स्टॉपवॉचवर! बायकोला नववा लागला तशी यांनी घर ते दवाखाना अशी रंगीत तालीम सुरू केली. मोटारसायकलवर तीनदा जाऊन आले. स्टाफरूममध्ये जाहीर केलं, "बावीस मिनिटं. एक सेकंद जास्त नाही!"

कळा आल्या मंगळवारी. मंगळवारी आमच्या गावचा आठवडे बाजार! सरांच्या तिन्ही तालमी रविवारच्या. रस्त्यावर मिरच्यांचे ढीग, भांड्यांची दुकानं, मधोमध एक बैलगाडी. रिक्षा जागची हलेना. आत वहिनी विव्हळताहेत आणि सर घड्याळ बघताहेत.

शेवटी सर रिक्षातून उतरले, गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि अशी काही फुंकली, की अख्खा बाजार 'सावधान'मध्ये उभा राहिला! त्यातली अर्धी माणसं त्यांचेच माजी विद्यार्थी. दोन पोरांनी बैलगाडी बाजूला ओढली. मिरचीवाली आजी ओरडली, "काय व्हयनं रे भो?" सर शिट्टी न काढताच हातवारे करत पुढे पळाले, मागे रिक्षा!

मुलगा झाला. बॅग परत आली तेव्हा त्यात एक नवीन शिट्टी होती, आणि यादीत एक ओळ: 'बाजाराच्या दिवशीचा दुसरा रस्ता आधी बघून ठेवा.'

*

भामरे भाऊसाहेब आमचे क्लार्क. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, जळगावला. यांना धास्ती, की तिकडे गेल्यावर मेहुण्या आपली फजिती करणार. म्हणून त्यांनी आमच्या मुख्याध्यापकांना धरलं. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. नाना चार नातवंडांचे आजोबा, लंगोट बांधण्यात त्यांचा हात धरणारा धुळे जिल्ह्यात नाही!

सराव कशावर करायचा? पोषण आहाराच्या खोलीतून एक डांगर आणलं. म्हणजे तुमचा लाल भोपळा. आठ दिवस मधल्या सुट्टीत त्या डांगराला लंगोट बांधणं चाललं होतं. नाना ओरडायचे, "अहो, मानेखाली हात! मान धरा आधी!" भाऊसाहेब देठाखाली हात घालायचे.

आठव्या दिवशी डोळे मिटून एका मिनिटात लंगोट. आम्ही टाळ्या वाजवल्या!

पुढच्या महिन्यात जळगावहून फोन आला. सासरची बारा माणसं समोर बसलेली, भाऊसाहेबांनी ऐटीत लंगोट बांधायला घेतला, आणि बाळाने एक पाय इकडे, एक पाय तिकडे करत थेट त्यांच्या शर्टावर कार्यक्रम उरकला. भाऊसाहेब रडकुंडीला आले होते. "नाना, डांगर हलत नव्हतं हो!"

त्यांनी बॅगेत बारा लंगोट वाढवले. सहा दुपारपर्यंतच पुरतात, हा त्यांचा अनुभव.

*

माझाही एक किस्सा आहे. माझ्या लेकाच्या वेळी नर्सबाईंनी बजावलं होतं, की सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही. मध नाही, घुटी नाही, पाणीसुद्धा नाही. आणि आमच्या आत्यासासूबाई गावाहून मधाची बाटली घेऊनच निघालेल्या! जीपभर माणसं सोबत. त्यांना नाही म्हणायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. मी रडत शेख मॅडमना फोन केला.

दोन तासांत भामरे भाऊसाहेब हजर. हातात ड्रॉइंगचा कागद, त्यावर ठळक अक्षरात: 'हात धुतल्याशिवाय बाळाला घेऊ नये. मध, घुटी, पाणी देण्यास सक्त मनाई. हुकमावरून.' आणि खाली शाळेचा गोल शिक्का!

कागद पाळण्यामागे लावला. आत्याबाई आल्या, चष्मा लावला, हळूहळू सगळं वाचलं. शिक्क्यावर बोट फिरवलं. मला वाटलं, आता माझी काही खैर नाही. तर त्या वळून जीपमधल्या सगळ्यांना म्हणाल्या, "शिक्का शे ना? मंग बराबर शे! चाला, हात धुवा बठ्ठा!"

तो कागद आता बॅगेत असतो, घडी करून. आजवर सात आज्या त्याने गप्प केल्या आहेत.

*

हा पुढचा हसण्याचा नाही, पण तो सांगितल्याशिवाय शेवटचा कळणार नाही.

दोन वर्षांपूर्वी ती बॅग चेतनाकडे गेली होती. चेतना आमच्यात सगळ्यात लहान, हिंदी शिकवते. सातवा लागला तेव्हा ती बॅग उचलून अशी नाचत घरी गेली, की नाना म्हणाले, "अगं हळू, पोट आहे ते!"

तीन आठवड्यांनी तिचा नवरा योगेश बॅग घेऊन आला. टेबलावर ठेवली आणि तसाच मागे फिरला. बाळ राहिलं नव्हतं.

शेख मॅडमनी सवयीने यादी लावून पाहिली. सगळं धुतलेलं, घड्या घातलेल्या. फक्त पिवळं झबलं नव्हतं. कुणीच काही विचारलं नाही. कसं विचारणार? मॅडमनी पेन्सिलीने पहिल्या ओळीवर रेघ मारली आणि झाकण लावलं.

*

आणि यंदा चेतनाने परत बातमी दिली! स्टाफरूममध्ये आनंदाने आरडाओरडा. पण तिने लगेच हात जोडले. "त्या बॅगेचं नावसुद्धा काढू नका. मला काही तयारी करायची नाही." घरी तिच्या सासूबाई, त्यांना सगळे अक्का म्हणतात, त्यांचंही तेच. बाळ हातात येईपर्यंत घरात सुईदोरासुद्धा आणायचा नाही.

बॅग नकाशांच्या गुंडाळ्यांमागे लपवली. पण बाळ काही आपली भीती बघून यायचं थांबत नाही! शेख मॅडमनी चेतना वर्गावर असताना आम्हाला गोळा केलं. "बॅग भरायची नाही ना? ठीक आहे. बॅग वाटून घेऊ. प्रत्येकाने एकेक वस्तू आपल्याजवळ ठेवायची, रोज. तिला कळता कामा नये."

झालं! धनराज सरांच्या खिशात शिट्टी आणि दुसऱ्या रस्त्याचा नकाशा. माझ्या पर्समध्ये टोपडी आणि शिक्क्याचा कागद. भाऊसाहेबांच्या गाडीच्या डिकीत दुपटी आणि गाऊन. मॅडमकडे वाटी-चमचा. नानांच्या कातडी बॅगेत लंगोट, कारण ते त्यांचं खातं! शाळेत येताना तेरा माणसं खिसे चाचपायची. चेतना बिचारी आमच्याकडे बघून विचारायची, "सगळ्यांचं काही हरवलंय का?"

त्यात एक दिवस तपासणीला विस्तार अधिकारी आले. कडक माणूस. हजेरीपट मागितला. नानांनी बॅगेत हात घालून रजिस्टर ओढलं. रजिस्टरच्या कोपऱ्यात एक नाडी अडकली होती. त्या नाडीत दुसरी. एकामागून एक सात लंगोट साहेबांच्या टेबलावर उतरले!

नानांची एवढ्या वर्षांची नोकरी आमच्या डोळ्यांसमोर थरथरली. साहेबांनी एक लंगोट उचलला, उलटा-सुलटा पाहिला. "हे काय आहे?"

नाना ताठ उभे राहिले आणि घडलं ते सगळं खरं सांगून टाकलं. चेतनाचं, बॅगेचं, वाटणीचं, सगळं.

साहेबांनी लंगोट घडी करून परत दिला. तपासणी पूर्ण केली, शेरा लिहिला. निघताना दारात थांबून हळूच म्हणाले, "माझ्या सुनेला आठवा आहे. ती यादी मिळेल का?"

*

आता शेवटचा. पंधरा दिवस बाकी होते. तिसरा तास चालू, आणि आठवीतली एक मुलगी धावत आली. "चेतना मॅडम बाकावर बसल्यात, उठत नाहीयेत!"

वार कोणता? मंगळवार!

पण या वेळी आम्ही तयार होतो. भाऊसाहेबांनी गाडी काढली. शेख मॅडमनी पुढच्या सीटवरून योगेशला फोन केला, "आधी फाईल घ्या!" धनराज सर मोटारसायकलवर पुढे, तोंडात शिट्टी, दुसरा रस्ता. मी मागच्या सीटवर चेतनाचा हात धरून. ती एकच वाक्य परत परत म्हणत होती. "मॅडम, या वेळी राहील ना? राहील ना हो?" मी नुसती मान हलवत राहिले.

दवाखान्यात तिला आत नेलं. जाताना तिने आपली तपकिरी पर्स माझ्या हातात दिली. वर्गात फळ्यावर लिहितानासुद्धा खांद्यावरून न उतरणारी ती पर्स. "सांभाळा," एवढंच म्हणाली.

योगेश आला, फाईल घेऊन! मागून अक्का आल्या. नाना शाळा सुटल्यावर येतो म्हणाले होते, पण अर्ध्या तासात आपली कातडी बॅग घेऊन हजर. आम्ही बाहेरच्या बाकड्यांवर बसलो. दीड तास कुणी एकमेकांकडे बघितलं नाही.

मग आतून रडणं ऐकू आलं. काय तो आवाज! सिस्टर दार उघडून म्हणाली, "मुलगी. दोघी छान आहेत." अक्का मोठ्याने म्हणाल्या, "आंडेर व्हयनी! मन्ही आंडेर उनी!" योगेश नानांच्या गळ्यात पडून रडायला लागला. धनराज सरांनी शिट्टी तोंडात घातली, सिस्टरने डोळे वटारले, त्यांनी काढली.

"बाळाचे कपडे द्या," सिस्टर म्हणाली.

अक्कांचा चेहरा उतरला. "आमनामा आधी काहीच आनतस नही वं बाई."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग मी पर्समधून टोपडी काढली. नानांनी लंगोट काढले. भाऊसाहेब डिकीतून दुपटी आणि गाऊन घेऊन पळत आले. शेख मॅडमनी वाटी-चमचा पुढे केला. अक्का तोंडावर पदर धरून बघतच राहिल्या. "बठ्ठं शे तुम्हनाजोडे!"

सिस्टरने सगळं चाळून पाहिलं. "अंगात घालायला काय? झबलं कुठंय? जुनं, मऊ काही नाही?"

ती एकच ओळ यादीत खोडलेली होती, म्हणून कुणाच्या वाट्याला आलीच नव्हती. शेख मॅडमनी मान खाली घातली.

तेवढ्यात आतून चेतनाचा आवाज आला. क्षीण, पण स्पष्ट. "देवरे मॅडम, माझी पर्स द्या."

मी आत गेले. तिच्या छातीवर दवाखान्याच्या कापडात गुंडाळलेलं ते इवलंसं तांबडं तोंड. चेतनाने एका हाताने बाळाला धरलं, दुसऱ्या हाताने पर्सची आतली चेन उघडली आणि एक छोटी घडी बाहेर काढली. पिवळी. पुढे नाडीची.

सिस्टरने ती हातात घेऊन विचारलं, "धुतलेलं आहे ना?"

"दर रविवारी," चेतना म्हणाली.